समुद्राचे बदलते तापमान आणि आपला हिवाळा

डिसेंबर उजाडला की वसई-विरारच्या गावांतून एक वाक्य हमखास कानी येते : पूर्वीची थंडी आता राहिली नाही. आगाशी-निर्मळच्या वाड्यांतील वृद्ध बागायतदार ते म्हणतात, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातील आज्या म्हणतात, आणि स्नेहमेळाव्याला आलेले आमचे माजी विद्यार्थीही वसतिगृहातील पहाटेच्या आंघोळीची आठवण काढून तेच म्हणतात. इतिहासाच्या अध्यापकाला अशा वाक्याची परीक्षा करावी लागते. स्मृती हे इतिहासाचे साधन आहे, पण ते एकटे पुरेसे नाही. स्मृतीला मोजमापाची जोड हवी आणि मोजमापाला कारणाची. प्रस्तुत लेखात आम्ही आपल्या हिवाळ्याच्या बाबतीत तेवढेच करू पाहत आहोत.

थंडी उत्तरेकडून येते, असे आपण सगळेच मानतो. ते खरे आहे, परंतु ते अर्धेच सत्य आहे. उत्तरेकडून आलेली थंडी आपल्याकडे किती उतरेल, किती दिवस टिकेल, डिसेंबरात आकाश कोरडे राहील की मध्येच पाऊस पडेल, याचा निर्णय बराचसा समुद्र करतो. त्यात आपल्या दाराशी असलेला अरबी समुद्र आहे आणि हजारो कोसांवरचा प्रशांत महासागरही आहे. या समुद्रांचे तापमान काळानुसार बदलते, म्हणून आपला हिवाळाही बदलतो. मात्र हे बदल दोन प्रकारचे आहेत. काही बदल येतात आणि परत जातात. एक बदल मात्र फक्त चढत चालला आहे. या दोहोंतला भेद नीट कळला, तर लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.

तवा आणि हंडा

मूळ गोष्ट चुलीवर शिकता येते. लोखंडी तवा क्षणात तापतो आणि उतरवल्यावर लगेच निवतो. पाण्याने भरलेला हंडा तापायला वेळ घेतो आणि विस्तव विझल्यावरही बराच काळ कोमट राहतो. जमीन तव्यासारखी आहे, समुद्र हंड्यासारखा. समुद्राच्या केवळ वरच्या अडीच-तीन मीटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, जवळपास तेवढ्याच उष्णतेने त्यावरील सगळ्या वातावरणाचे तापमान एका अंशाने वाढेल. समुद्राची खोली ध्यानात घेतली की उष्णतेची ही साठवण केवढी प्रचंड आहे, याची कल्पना येते.

मे महिन्यात आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी २९ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. जानेवारी-फेब्रुवारीत ते सुमारे २५ अंशांपर्यंत उतरते. म्हणजे ऐन हिवाळ्यात, जमिनीवर पहाटे १५-१६ अंश असताना, शेजारी २५ अंशांचा एक प्रचंड हंडा ठेवलेला असतो. किनाऱ्यावरची गावे फार गारठत नाहीत, याचे कारण हाच हंडा.

याचा पुरावा हवामान खात्याच्या नोंदींत आहे. मुंबईत तापमानाच्या नोंदी दोन ठिकाणी होतात : तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या कुलाब्यात आणि उपनगरातील सांताक्रूझ येथे. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझचे किमान तापमान ७.४ अंशांपर्यंत घसरले. मुंबईच्या नोंदींतील ती सर्वांत थंड पहाट मानली जाते. त्याच दिवशी कुलाब्यात पारा ११.७ अंशांवर थांबला. एकच शहर, एकच पहाट, उत्तरेचा वारा तोच. फरक मात्र चार अंशांहून अधिक. हा फरक मुख्यतः समुद्राचा. अर्नाळा-कळंबचा किनारा आणि तुंगारेश्वराच्या पायथ्याची गावे यांच्या पहाटेत जो फरक आपल्याला जाणवतो, त्याचे कारणही हेच आहे.

सोपाऱ्याचे वारे

जमीन आणि समुद्र यांच्या या असमान तापण्या-निवण्यातून वारे निर्माण होतात. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. त्याला आपण खारे वारे म्हणतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. ते मतलई वारे. कोळीबांधव पिढ्यान्‌पिढ्या या दोन वाऱ्यांच्या आधाराने होड्या नेत-आणत आले आहेत.

जे एका दिवसात घडते, तेच मोठ्या प्रमाणावर एका वर्षात घडते. उन्हाळ्यात सबंध भारतीय भूमी तापते आणि समुद्रावरून नैर्ऋत्य मोसमी वारे येतात. हिवाळ्यात भूमी निवते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो आणि वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहतात.

आपल्या सोपाऱ्याचे वैभव या वाऱ्यांवर उभे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘सुप्पारा’ या बाजारपेठेचा उल्लेख आहे. इजिप्तकडून निघणारी जहाजे जुलैच्या सुमारास नैर्ऋत्य वाऱ्यावर भारताकडे येत आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्य वाऱ्यावर परत जात. या व्यापारातून धनिक झालेल्या उपासकांनी लेण्यांना दाने दिली. कार्ले आणि कान्हेरी येथील शिलालेखांत सोपाऱ्याच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना येथे सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे मिळाला. हे सारे आम्ही येथे सांगतो, ते अभिमान मिरवण्यासाठी नव्हे. हिवाळ्यातील वारा ही आपल्या गावाची जुनी जीवनरेषा आहे आणि तो वारा जमीन व समुद्र यांच्या तापमानातील अंतरातून जन्मतो. त्या अंतरात बदल झाला की वाऱ्याची चाल बदलते, आणि वारा बदलला की हिवाळा बदलतो.

येऊन परत जाणारे बदल

आता दूरच्या समुद्राकडे वळू. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. महात्मा जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाज यांनी धनकवडी येथे बालाश्रम काढून मुलांना जेवू घातले, तो हाच काळ. अशा दुष्काळांमुळे पावसाचा अंदाज आधी कसा बांधता येईल, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झालेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी गोळा करून त्यांची तुलना केली. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली : प्रशांत महासागराच्या एका टोकाला हवेचा दाब वाढला की दुसऱ्या टोकाला तो कमी होतो, आणि काही वर्षांनी हे पारडे उलटते. या झोक्याचे कारण मात्र बरेच पुढे उमगले. १९६९ मध्ये जेकब ब्येर्कनेस यांनी दाखवून दिले की हा झोका आणि प्रशांत महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान एकमेकांत गुंतलेले आहेत.

पेरूच्या किनाऱ्यावरील मच्छीमार समुद्र अवचित उबदार होण्याच्या प्रकाराला ‘एल निनो’ म्हणत. ही उब नाताळच्या सुमारास जाणवे, म्हणून हे नाव. त्याचा अर्थ ‘बाळ येशू’. वसईत नाताळ घरोघरी साजरा होत असल्याने हा संदर्भ आपल्याला सहज समजावा. एल निनोत प्रशांत महासागराचा मध्य व पूर्व विषुववृत्तीय भाग नेहमीपेक्षा उबदार होतो. ‘ला निना’त तोच भाग नेहमीपेक्षा थंड होतो. दोन्ही अवस्था हिवाळ्याच्या सुमारास ऐन भरात असतात आणि साधारणतः दोन ते सात वर्षांच्या अंतराने फिरून येतात.

एवढ्या दूरच्या पाण्याचा आपल्या पहाटेशी संबंध काय? उबदार पाण्यावर हवा वर चढते, ढग बनतात, पाऊस पडतो आणि त्यातून सुटणारी उष्णता आकाशातील उंचावरच्या वाऱ्यांना वळण देते. हेच उंचावरचे वारे भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात घेऊन येतात. हे झंझावात हिमालयात बर्फ आणि पंजाबात पाऊस देतात. ते पुढे सरकले की त्यांच्या पाठोपाठ उत्तरेची कोरडी थंड हवा खाली उतरते. ती निफाड-नाशिकला गारठवते आणि सह्याद्री ओलांडून पालघरपर्यंत येते. वरच्या वाऱ्यांचा मार्ग सरकला की या थंडीचे येणे-जाणेही बदलते. दीर्घकाळच्या नोंदींवरून असे दिसते की ला निनाच्या हिवाळ्यात वायव्य भारतात थंडीच्या लाटा वाढण्याकडे कल असतो आणि एल निनोच्या हिवाळ्यात सरासरी तापमान चढे राहण्याकडे.

कल हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरला आहे. २००८ च्या फेब्रुवारीत सांताक्रूझचा पारा दहा अंशांच्या खाली गेला, त्या वेळी प्रशांत महासागरात जोरदार ला निना होता. हे उदाहरण या सूत्राला पोषक आहे. पण १९६२ ची ती विक्रमी पहाट उजाडली, तेव्हा प्रशांत महासागर जवळपास तटस्थ होता. म्हणजे ला निना नसतानाही कडाका पडू शकतो. समुद्र फासे थोडे एका बाजूला जड करतो. दान कोणते पडेल, याची हमी देत नाही. एका थंड आठवड्यावरून ‘हवामान बदलले नाही’ असे म्हणणे आणि एका उबदार आठवड्यावरून ‘थंडी संपली’ असे म्हणणे, दोन्ही सारखेच चूक आहे.

हिंदी महासागरालाही असा झोका आहे. काही वर्षी त्याची आफ्रिकेकडील बाजू उबदार आणि इंडोनेशियाकडील बाजू थंड होते, काही वर्षी उलट. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला हिंदी महासागराचा द्विध्रुव असे नाव दिले. २०१९ मध्ये हा द्विध्रुव अतिशय प्रबळ होता, अरबी समुद्र तापलेला होता, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ व ‘महा’ ही चक्रीवादळे लागोपाठ आली. त्या वर्षी दिवाळीनंतरही पाऊस पिकांवर पडत राहिला, हे महाराष्ट्रातील शेतकरी विसरलेला नाही.

जो बदल परतत नाही

आतापर्यंतचे बदल झोक्यासारखे आहेत. आज इकडे, उद्या तिकडे. पण ज्या खांबाला झोका बांधला आहे तो खांबच हळूहळू उंच होत असेल, तर झोका दोन्ही बाजूंना पूर्वीपेक्षा वरूनच फिरेल. समुद्राचे नेमके हेच झाले आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने वातावरणात जी अतिरिक्त उष्णता अडकते, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र पोटात घेतो. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी सुमारे एक अंशाने वाढले. जगातील सर्व समुद्रांची त्याच काळातील सरासरी वाढ सुमारे ०.७ अंश होती. म्हणजे आपला समुद्र जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापला आहे.

एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हंडा किती मोठा आहे, हे आपण पाहिले आहे. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. कोरड्या, निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते आणि पहाट गारठते. हवेत बाष्प आणि ढग असले की ते पांघरुणासारखे काम करतात. उष्णता अडते आणि पहाट उबदार राहते. म्हणून समुद्र तापला की पहिला परिणाम दुपारवर नव्हे, तर पहाटेवर दिसू लागतो. आमच्या वृद्धांची आठवण पहाटेच्या थंडीचीच आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अर्थात सगळा दोष समुद्राच्या माथी मारणेही योग्य नाही. गेल्या तीन-चार दशकांत वसई-विरारमध्ये शेते, तळी आणि बावखले बुजून तेथे इमारती उभ्या राहिल्या. सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता साठवून रात्री सोडतात. विरार पूर्वेची चाळ आणि निर्मळची वाडी यांच्या रात्रींत जो फरक आहे, त्याला समुद्र जबाबदार नाही. समुद्राने तापवलेली रात्र आणि शहराने तापवलेली रात्र अशा दोन गोष्टी एकावर एक चढल्या आहेत.

ओखी : ५ डिसेंबर २०१७

तापलेल्या समुद्राचा दुसरा परिणाम म्हणजे हिवाळ्यातील पाऊस. या स्मरणिकेच्या अनेक वाचकांना ५ डिसेंबर २०१७ हा दिवस आठवत असेल. दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण दिन होता. देशभरातून आलेले लाखो अनुयायी दादरच्या चैत्यभूमीकडे येत होते. आणि ऐन डिसेंबरात पाऊस कोसळू लागला. शिवाजी पार्कवर चिखल झाला, मंडप भिजले. महापालिकेने आसपासच्या शाळा उघडून लोकांची सोय केली. मुंबई आणि पालघरसह किनारी जिल्ह्यांतील शाळांना त्या दिवशी सुट्टी द्यावी लागली.

तो पाऊस ‘ओखी’ चक्रीवादळाचा होता. नोव्हेंबरच्या अखेरीस श्रीलंकेजवळ तयार झालेले हे वादळ कन्याकुमारीला तडाखा देऊन अरबी समुद्रात शिरले आणि उत्तरेकडे सरकत सरकत आपल्या किनाऱ्यासमोर आले. तमिळनाडू आणि केरळमध्ये त्याने अनेक मच्छीमारांचे बळी घेतले. आपल्याकडे पोचेपर्यंत मात्र ते क्षीण झाले आणि दक्षिण गुजरातजवळ विरून गेले. चक्रीवादळाला साधारणतः साडेसव्वीस अंशांहून उबदार पाणी लागते. तेच त्याचे इंधन. डिसेंबरात अरबी समुद्राचा उत्तर भाग निवू लागलेला असतो, वरचे वारेही वादळाची घडी विस्कटून टाकतात. त्यामुळे ओखीचा जोर ओसरला.

या घटनेचा अर्थ आम्हांला महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात आपल्यासमोर पसरलेले थंड पाणी ही आपली तटबंदी आहे. वसईचा किल्ला जमिनीवरच्या शत्रूला अडवी. वादळाला हे थंड पाणी अडवते. समुद्राचे तापमान जसजसे चढेल, तसतशी ही तटबंदी वर्षातून कमी दिवस उभी राहील. हिवाळ्याच्या तोंडावर वादळ येणे अगदी नवे आहे, असेही नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपले होते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले. बदलली आहे ती वारंवारता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी आणि त्यांचा एकूण कालावधी सुमारे ८० टक्क्यांनी वाढला.

वादळ नसतानाही हिवाळ्यात पाऊस येतो. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी पश्चिमी झंझावात आणि अरबी समुद्रावरील कमी दाबाचा पट्टा यांची गाठ पडली. उत्तरेने थंडी दिली, समुद्राने बाष्प दिले आणि कोकणापासून पुणे जिल्ह्यापर्यंत गार पाऊस झाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत उघड्यावर बसलेल्या शेकडो मेंढ्या-शेळ्या थंडीने दगावल्या. गारठा तर वाढलाच, पण तो कोरडा नव्हता; मेंढपाळांना अशा ओल्या गारठ्याची सवय नव्हती.

श्वासापर्यंत पोचलेला समुद्र

तिसरा परिणाम हवेच्या शुद्धतेवर होतो. हिवाळ्यात रात्री मतलई वारे धूळ आणि धूर समुद्राकडे नेतात, दुपारी खारे वारे स्वच्छ हवा आत आणतात. या रोजच्या झाडलोटीमुळे मुंबई-वसईची हवा दिल्लीसारखी कोंडत नसे. २०२० ते २०२३ या काळात प्रशांत महासागरात लागोपाठ तीन हिवाळे ला निना राहिला. २०२२-२३ च्या हिवाळ्यात उत्तर भारतातील काही शहरांची हवा तुलनेने सुधारली आणि मुंबईची मात्र असाधारण बिघडली. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतील गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उलथापालथीचा संबंध लांबलेल्या ला निनाशी जोडला आहे. किनाऱ्यावरील वाऱ्यांची नेहमीची अदलाबदल मंदावल्याने प्रदूषके साचून राहिली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर आपण निर्माण केला, हे खरेच. तो वाहून जाईल की आपल्या मुलांच्या छातीत बसेल, हे ठरवण्यात मात्र दूरच्या समुद्राचाही वाटा असतो.

भिजलेल्या विटांचा हिशेब

येथवरचे विवेचन निसर्गाचे होते. पण पाऊस सर्वांवर सारखा पडला, तरी नुकसान सर्वांचे सारखे होत नाही.

आपल्या परिसरातील हिवाळा हा उघड्यावरच्या कामांचा ऋतू आहे. नायगाव-जूचंद्रच्या बाजूला मिठागरांत पाणी आटवले जाते. अर्नाळा आणि पाचूबंदरच्या खळ्यांवर कोळी भगिनी बोंबील सुकवतात. वाड्यांत फुले आणि भाजीपाला, पूर्वेकडे भाताच्या ओलीवर आणि दवावर पोसलेला वाल, डहाणू-घोलवडकडे चिकू, आणि सगळीकडे आंब्याचा मोहोर. मोहोर यायला थंड रात्री लागतात. तो आल्यावर ढगाळ, दमट हवा राहिली की तुडतुडे आणि भुरी त्याचा फडशा पाडतात. एका रात्रीच्या पावसाने सुकत आलेले बोंबील कुजतात आणि मीठ विरघळून जाते.

आणि वीटभट्ट्या. दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील वारली, कातकरी कुटुंबे घरादारासह वसई, भिवंडी, वाड्याच्या भट्ट्यांवर उतरतात. बहुतेकांनी पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती हजार विटांमागच्या मजुरीतून फेडायची असते. डिसेंबरचा एक पाऊस वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल करतो. नवरा-बायकोने आठवडाभर पाडलेल्या विटा हिशेबात धरल्या जातीलच, याची खात्री नसते. उचल मात्र वहीत तशीच राहते. काम लांबले की मुलांचे शाळेत परतणेही लांबते. आमच्यासारख्या निवासी शाळा का हव्यात, याचे एक उत्तर या वहीत आहे.

अवकाळी पावसाने पीक गेले तर पंचनामा होतो आणि शासकीय मदत मुख्यतः सातबाऱ्याच्या आधाराने मिळते. ती शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे. तीही अनेकदा अपुरी असते. परंतु ज्याच्या नावे सातबाराच नाही, त्याचा पंचनामा कोण करणार? भिजलेल्या विटा, विरघळलेले मीठ आणि कुजलेले बोंबील यांमागची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? समुद्र तापवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत कमी, त्यांच्याच पदरी त्याचा भुर्दंड सर्वांत आधी येतो. हा निसर्गाचा नियम नव्हे. ही माणसांनी केलेली व्यवस्था आहे आणि म्हणून ती बदलता येते. हवामान बदलाच्या चर्चेत उघड्यावर श्रम करणाऱ्यांच्या बुडालेल्या मजुरीची नोंद व्हावी, ही मागणी आपल्या ग्रामसभांतून, संघटनांतून आणि लोकप्रतिनिधींमार्फत पुढे यायला हवी.

दोन बदल, दोन प्रकारची तयारी

सुरुवातीला केलेला भेद आता उपयोगी पडतो. जे बदल येतात-जातात, त्यांच्यासाठी दरवर्षीची तयारी लागते. भारतीय हवामान खाते डिसेंबरच्या आरंभी येणाऱ्या हिवाळ्याचा अंदाज जाहीर करते आणि प्रशांत व हिंदी महासागरांची स्थितीही सांगते. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था मच्छीमारांसाठी समुद्रस्थितीचे इशारे देते. ‘मेघदूत’ या मोबाईल ॲपवर शेतकऱ्यांना जिल्हानिहाय हवामान सल्ला मराठीतून मिळतो. आमचे कितीतरी माजी विद्यार्थी आज मोबाईल सहज हाताळतात. त्यांनी चार दिवस आधीचा इशारा भट्टीवर, खळ्यावर, मिठागरावर पोचवला, तर ताडपत्री वेळेवर पडेल. हे काम लहान वाटले, तरी त्याने एखाद्या कुटुंबाची उचल वाढण्याची वाचू शकते.

जो बदल चढत चालला आहे, त्यासाठी मात्र एका वर्षाची तयारी पुरणार नाही. तेथे पिकांची निवड, घरांची बांधणी, बावखलांचे रक्षण, कामगारांचे कायदे, सगळ्यांचाच विचार पुढच्या पिढीचे मोजमाप घेऊन करावा लागेल. आणि मोजमापाशिवाय नियोजन होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्यवर्ती सरकारात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. देशातील नद्यांची माहिती आणि मोजमापे एकत्र करणे हे त्या आयोगाच्या कामांपैकी एक होते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली, म्हणून मुंबईच्या हवेचा इतिहास आज लिहिता येतो. वसई-विरारच्या गावोगावच्या पहाटेचा असा इतिहास लिहायचा, तर नोंदी कोणीतरी ठेवायला हव्यात.

आमची सूचना साधी आहे. शाळेच्या आवारात सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर एक किमान-कमाल तापमापक आणि उघड्या जागी एक पर्जन्यमापक बसवावा. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद करावी : किमान तापमान, कमाल तापमान, पाऊस, वाऱ्याची दिशा, दव पडले की नाही. सुट्टीच्या दिवसांत ही जबाबदारी जवळ राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी घ्यावी. हवामानशास्त्रात एखाद्या ठिकाणची सरासरी ठरवायला तीस वर्षांच्या नोंदी प्रमाण मानतात. तीस वर्षे म्हणजे साधारण एका शिक्षकाची सेवा. आज नोंदवहीचे पहिले पान लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे मूल जेव्हा याच वर्गात बसेल, तेव्हा ‘पूर्वीची थंडी’ म्हणजे किती अंश, याचे उत्तर त्याला वहीत पाहून देता येईल.